हौसेला मोल नसतं, पण टॅक्स असतो! अमेरिकेत गळ टाकून मासे पकडणं छंद कधी आणि धंदा कधी?

"एलएलसी काढा, बोट घ्या आणि बोटीचा सगळा खर्च टॅक्समधून वजा करा." अमेरिकेतल्या टॅक्सवर फुकट सल्ला देणाऱ्या रील्स बघत असाल, तर या चालीवरचं एखादं वाक्य कानावर पडलेलं असणारच. कधी बोटीच्या जागी गाडी असते, कधी घोडा, कधी कॅमेरा. सूत्र मात्र एकच. जी हौस करायची आहे तिला धंद्याचं नाव द्या, म्हणजे निम्मा खर्च सरकार भरेल.

ऐकायला भारी वाटतं. अडचण एवढीच की अमेरिकेच्या आयकर खात्याने, म्हणजे आयआरएसने, ही युक्ती पन्नास वर्षांपूर्वीच ओळखली आहे आणि तिच्यासाठी कायद्यात एक वेगळं कलमच आहे. कलम १८३. या कलमाखाली घोडे पाळणारे सापडतात, विमानं उडवणारे सापडतात, आणि हौसेने मासे पकडणारेही सापडतात.

आता कुणी म्हणेल, मासे पकडण्यात कसला आलाय टॅक्स? आपल्याकडे गळ टाकून बसणारा माणूस म्हणजे रविवारी तळ्याकाठी डबा घेऊन गेलेला निवांत गडी. अमेरिकेत मात्र हा स्पर्धेचा खेळ आहे, आणि त्यात पैसाही मोठा आहे.

तिथे गोड्या पाण्यातल्या 'बास' नावाच्या माशाच्या स्पर्धा सगळ्यात लोकप्रिय. यातली मानाची स्पर्धा म्हणजे बासमास्टर क्लासिक. ती पहिल्यांदा १९७१ साली नेवाडातल्या लेक मीडवर झाली आणि विजेत्याला १० हजार डॉलर मिळाले. आज त्याच स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम ३ लाख डॉलर आहे. केविन व्हॅनडॅम या खेळाडूने ही स्पर्धा चार वेळा जिंकली आणि नुसत्या बक्षिसांतून कारकिर्दीत ६० लाख डॉलरच्या वर कमाई केली. समुद्रातला हिशोब आणखी मोठा. मेरीलँडमधल्या ओशन सिटीत 'व्हाइट मार्लिन ओपन' नावाची स्पर्धा होते. तिथे २०१६ साली एकाच माशावर २८ लाख डॉलरचं बक्षीस लागलं होतं. मग विजेत्यांची लाय डिटेक्टर चाचणी झाली, ते त्यात नापास झाले, बक्षीस अडकलं आणि प्रकरण थेट फेडरल कोर्टात गेलं. निकाल स्पर्धकांच्या विरोधात लागला. मासे पकडण्याच्या स्पर्धेत लाय डिटेक्टर वापरतात, हे बऱ्याच जणांना याच बातमीमुळे पहिल्यांदा कळलं.

पण व्हॅनडॅम एखादाच. त्याच्यामागे हजारो लोक असे आहेत जे आठवडाभर नोकरी करतात, शुक्रवारी संध्याकाळी गाडीमागे बोट जोडतात आणि शनिवार-रविवार कुठल्या तरी तलावावर स्पर्धेत उतरतात. कधी पाचशे डॉलर जिंकतात, कधी पाच हजार, बहुतेक वेळा काहीच नाही. प्रश्न या मंडळींचा आहे. त्यांच्या टॅक्स रिटर्नमध्ये हे सगळं कुठे लिहायचं?

आधी आकडे बघू

समजा, टेक्सासमधला एक अविवाहित माणूस आहे. पगार वर्षाला ९० हजार डॉलर. २०२५ मध्ये त्याने स्पर्धांमधून ६ हजार डॉलर जिंकले. प्रवेश फी, पेट्रोल, मोटेल, गळ-दोरी-आमिषं आणि बोटीचा घसारा मिळून खर्च झाला २८ हजार. म्हणजे तोटा २२ हजारांचा.

हा धंदा मानला, तर तो 'शेड्यूल सी' नावाचा फॉर्म भरणार आणि २२ हजारांचा तोटा थेट पगारातून वजा करणार. तो २२ टक्क्यांच्या पायरीवर आहे, म्हणजे टॅक्स वाचला ४ हजार ८४० डॉलर.

हाच छंद मानला, तर चित्र उलटं होतं. जिंकलेले ६ हजार उत्पन्नात धरायचेच आणि त्यावर १ हजार ३२० डॉलर टॅक्स भरायचा. खर्च किती वजा करायचा? शून्य.

हो, शून्य. अनेकांची चूक होते ती इथेच. २०१७ पर्यंत छंदातून जेवढं उत्पन्न झालं तेवढ्यापुरता तरी खर्च काही अटींवर वजा करता येत असे. ट्रम्प सरकारच्या २०१७ च्या टॅक्स कायद्याने २०१८ पासून ती सोय बंद केली. ती २०२५ नंतर परत येणार होती, पण जुलै २०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने ती कायमचीच बंद झाली. वस्तू बनवून विकण्याचा छंद असेल तर मालाची मूळ किंमत अजूनही वजा होते. पण पकडलेला मासा वजन करून परत पाण्यात सोडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, कारण तो मासा विकतच नाही.

म्हणजे एकाच माणसाच्या, एकाच वर्षाच्या, त्याच पावत्यांवर ६ हजार १६० डॉलरचा फरक पडतो. आणि हा फरक फक्त एका शब्दाचा आहे. धंदा की छंद.

आता हाच माणूस तीन वर्षं असाच तोटा दाखवत राहिला आणि मग आयआरएसने तिन्ही रिटर्न उघडून सगळा प्रकार छंद ठरवला, तर साधारण १८ हजार ४८० डॉलर टॅक्स परत भरावा लागेल. त्यावर २० टक्के दंड लागला तर ३ हजार ६९६ डॉलर आणखी. एकूण २२ हजारांच्या वर, व्याज वेगळंच. नोकरदार माणसासाठी ही लहान रक्कम नाही. बोट विकावी लागेल एवढी आहे.

हे कलम आलं कुठून?

गोष्ट श्रीमंतांपासून सुरू होते. मोठ्या शहरात बक्कळ कमावणारे लोक गावाकडे शेत घेत, घोडे पाळत, त्यात दरवर्षी तोटा दाखवत आणि तो शहरातल्या कमाईतून वजा करत. १९४३ साली अमेरिकी संसदेने नियम केला की सलग पाच वर्षं दरसाल ५० हजार डॉलरपेक्षा जास्त तोटा दाखवला तर वजावटीवर मर्यादा येईल. नियमातली फट लगेच सापडली. पाचातल्या एका वर्षी तोटा ५० हजारांच्या आत ठेवायचा, की साखळी तुटली. शेवटी १९६९ साली तो नियम रद्द करून कलम १८३ आणलं गेलं. त्यात रकमेची अट नाही. त्यात प्रश्न विचारला जातो हेतूचा. हे काम नफा कमावण्यासाठी करत होता का?

मनातला हेतू ओळखायचा कसा? त्यासाठी कायद्याने एक सोपी सवलत दिली आहे. पाचपैकी तीन वर्षं नफा झाला असेल, तर धंदा आहे असं गृहीत धरलं जातं आणि तो धंदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आयआरएसवर जाते. घोड्यांसाठी ही अट सातपैकी दोन वर्षं अशी सैल आहे. माशांना तशी सूट नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "पाचातली तीन वर्षं नफा झाला नाही, की छंदच." असं नाही. तीन वर्षं नफा झाला नाही तर फक्त ते गृहीतक मिळत नाही. मग हेतू करदात्याला स्वतः सिद्ध करावा लागतो. दहा वर्षं तोट्यात असलेला धंदासुद्धा धंदा ठरू शकतो आणि तसे निकाल आहेत.

आणि एलएलसीचं काय? काही नाही. एकट्या माणसाची एलएलसी ही टॅक्सच्या नजरेत वेगळी मानलीच जात नाही, तिचा हिशोब मालकाच्याच रिटर्नमध्ये येतो. कागदावर कंपनी काढल्याने हेतू सिद्ध होत नाही. पाटी लावली म्हणून दुकान होत नाही, तसंच.

कोर्ट नेमकं काय बघतं?

आयआरएसच्या नियमांत नऊ मुद्दे दिलेले आहेत. पण परीक्षेसारखं नाही, की नऊपैकी पाच मिळाले म्हणजे पास. सगळी परिस्थिती एकत्र बघितली जाते. आणि सगळ्याच मुद्द्यांना सारखं वजनही नसतं.

मासेमारीच्या बाबतीत सगळ्यात जड मुद्दा म्हणजे काम धंद्यासारखं चालवलं का. वेगळं बँक खातं आहे का? हिशोबाची वही आहे का? आणि ती वही नुसती टॅक्स भरायला आहे, की तिच्याकडे बघून काही निर्णयही घेतले गेले? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. चपलांच्या खोक्यात भरलेल्या पावत्या एप्रिलमध्ये सीएच्या टेबलावर ओतणं म्हणजे हिशोब ठेवणं नाही. दूरच्या राज्यातल्या स्पर्धांत सतत तोटा होतोय हे दिसल्यावर त्या बंद करून जवळच्या स्पर्धा धरल्या, प्रायोजक शोधायला सुरुवात केली, महागड्या बोटीऐवजी जुनी घेतली, असे बदल कागदावर दिसले तर माणूस नफ्याच्या मागे आहे हे कळतं. चौथ्या वर्षीही तेच खर्च, तेच तलाव आणि तोच तोटा असेल, तर कोर्ट काय समजायचं ते समजतं.

दुसरा मुद्दा जाणकारीचा. इथे भले भले अडकतात. "मी तीस वर्षं बास पकडतोय, माझ्याइतकं कुणाला कळतं?" असं सांगणारे खूप. पण कोर्टाला मासा पकडण्याचं कौशल्य आणि त्यातून पैसे कमवण्याचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पहिलं असेल, दुसरं आहे का? धंदा सुरू करण्याआधी व्यावसायिक खेळाडूंना विचारलं का, की तुम्ही घर कसं चालवता? वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या, प्रवेश फी किती, कितव्या नंबरपर्यंत बक्षीस, खर्च निघायला किती वेळा त्या नंबरात यावं लागेल, हे गणित कधी मांडलं का? एका कागदावर केलेलं हे गणितसुद्धा पुढे पुरावा म्हणून उभं राहतं. मात्र ते आधी केलेलं हवं. नोटीस आल्यावर लिहिलेला 'बिझनेस प्लॅन' बघून कुणी फसत नाही.

मग वेळ. आठवड्याला किती तास दिले? स्पर्धेआधी सरावाचे दिवस घेतले का? फक्त शनिवार-रविवार, तेही मित्रांच्या गराड्यात, असेल तर बाजू लंगडी पडते. पण नोकरी आहे म्हणून धंदा नाही, असंही नाही. माणूस एकाच वेळी दोन उद्योग करू शकतो, हे कोर्टांना मान्य आहे.

बोटीची किंमत पुढे वाढेल अशी आशा धरता येते का, हाही एक मुद्दा आहे. जमीन घेऊन शेती करणाऱ्याला तो मदत करतो. बोटवाल्याला अजिबात नाही. बोट पाण्यात उतरली त्या दिवसापासून तिची किंमतही उतरते.

दुसरीकडून भरपूर उत्पन्न असेल आणि हा तोटा त्यावरचा टॅक्स सोयीने कमी करत असेल, तर संशय वाढतो. तीच स्पर्धा खेळणारा, दुसरं उत्पन्न जवळपास नसलेला माणूस सहसा या कलमाखाली अडकत नाही. कारण उघड आहे, मौज म्हणून उपाशी राहणारे लोक कमी असतात.

आणि राहिली मजा. नियमांत 'वैयक्तिक आनंद' हा स्वतंत्र मुद्दा आहे आणि मासेमारीत आनंद आहे हे सिद्ध करायला आयआरएसला वकील लागत नाही. पण आनंद मिळतो म्हणून धंदा नाही असंही म्हणता येत नाही. १९७२ साली शिडाची बोट भाड्याने देणाऱ्या एका माणसाच्या प्रकरणात टॅक्स कोर्टाने सांगितलं होतं की वजावट मिळवण्यासाठी माणसाने त्रासच सोसला पाहिजे अशी अट कधीच नव्हती. हे वाक्य त्यानंतर पुन्हापुन्हा वापरलं गेलं आहे. आवडीचं काम करून पैसे कमवायला कायद्याची बंदी नाही. फक्त पैसे कमवायचा प्रयत्न खरा असला पाहिजे.

नफा होईलच अशी आशा शहाणपणाची असलीच पाहिजे असंही नाही, हा या नियमांतला सगळ्यात दिलदार भाग. शक्यता कमी असली, पण बक्षीस मोठं असलं, तर तेवढं पुरू शकतं. खनिज तेलासाठी अनोळखी जमिनीत विहीर खणणारा माणूस वर्षानुवर्षं कोरडा राहतो, पण एक लागली की सगळं वसूल होतं. तो छंद करत नाही, हे सगळ्यांना पटतं. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धा खेळणारा मच्छीमारही हाच युक्तिवाद करू शकतो. फक्त तेलवाला विहिरीवर सहकुटुंब सहलीला जात नाही.

दोन निकाल, दोन टोकं

२००० साली टॅक्स कोर्टासमोर बासच्या स्पर्धा खेळणाऱ्या एका माणसाचं प्रकरण आलं आणि कोर्टाने तो धंदा असल्याचं मान्य केलं. दोनच वर्षांनी, २००२ साली, समुद्रातल्या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या एका निवृत्त जोडप्याचं प्रकरण आलं. त्यांची वजावट कोर्टाने नाकारली. खेळ तोच, कोर्ट तेच, कलम तेच. म्हणूनच "मासेमारी धंदा आहे का?" या प्रश्नाला उत्तर नाही. "या माणसाची मासेमारी धंदा आहे का?" एवढंच विचारता येतं.

बक्षिसात बोट मिळाली तर?

बऱ्याच स्पर्धांत पहिलं बक्षीस रोख नसतं, चकचकीत नवी बोट असते. फोटो छान येतो. पण बक्षीस वस्तूच्या रूपात मिळालं तरी बाजारभावाइतकं उत्पन्न मिळालं असंच धरतात. ७० हजारांची बोट मिळाली तर रिटर्नमध्ये ७० हजार वाढले, आणि टॅक्स मात्र रोख भरायचा. त्यामुळे कित्येक विजेते जिंकलेली बोट विकून टाकतात. छंद असो वा धंदा, बक्षीस करपात्र आहे. यात वाद नाही.

प्रायोजकांनी दिलेल्या वस्तूंचंही तेच. कंपनीने जाहिरातीच्या बदल्यात दोन डझन आमिषं, चार रॉड आणि एक जाकीट पाठवलं, तर ती भेट नसते, मोबदला असतो. सोशल मीडियावर "फ्री स्टफ" उघडून दाखवणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. कंपनी फॉर्म पाठवते की नाही याचा संबंध नाही. हे फॉर्म २०२५ पर्यंत ६०० डॉलरपासून पाठवावे लागत, २०२६ पासून ती मर्यादा २ हजार डॉलर झाली आहे. पण फॉर्म आला नाही म्हणून उत्पन्न लपत नाही.

गंमत अशी की याच प्रायोजकांमुळे आणि यूट्यूब चॅनेलमुळे अनेकांची धंद्याची बाजू भक्कम होते. मासा तर पाण्यात परत जातो. मग विकायचं काय? नाव, चेहरा आणि बघणारे डोळे. वर्षाला ४ हजार बक्षिसातून, ९ हजार प्रायोजकाकडून आणि ३ हजार व्हिडिओतून येत असतील, तर बक्षीस नशिबावर असलं तरी बाकीचं नियमित आहे, असं दाखवता येतं.

आणि एकदा नफा सुरू झाला की धंदा ठरल्याचा एक तोटाही कळतो. नोकरदाराचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा निम्मा हिस्सा कंपनी भरते. धंद्यात दोन्ही हिस्से स्वतः भरायचे, १५.३ टक्के, आणि हे आयकराव्यतिरिक्त. छंदाच्या उत्पन्नावर हा भार नसतो. त्यामुळे तोटा असताना "हा माझा धंदा" म्हणणारे नफा झाल्यावर "अहो, छंद आहे" म्हणू लागतात. दोन्ही दरडींवर हात ठेवायची ही सवय आयआरएसला चांगली ठाऊक आहे.

बोट, गाडी आणि वहीचं महत्त्व

धंदा मान्य झाला म्हणजे सगळा खर्च आपोआप मान्य झाला असं नाही. ही दुसरी चाळणी आहे आणि अनेक जण पहिलीतून सुटून दुसरीत अडकतात.

नवी, सगळ्या यंत्रांसकट घेतलेली बास बोट ७०-८० हजार डॉलरला सहज जाते. २० जानेवारी २०२५ पासून घेतलेल्या धंद्याच्या यंत्रसामग्रीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करायची मुभा नव्या कायद्याने परत दिली आहे. रील्समध्ये सांगतात ते हेच. जे सांगत नाहीत ते असं, की बोट ही मौजेसाठीही वापरता येणारी वस्तू असल्यामुळे तिचा निम्म्याहून जास्त वापर धंद्यासाठी झाला हे दाखवावं लागतं. तेही तारीखवार नोंदीने. कुठल्या दिवशी, कुठल्या तलावावर, कशासाठी. पुढच्या वर्षी वापर निम्म्यावर किंवा त्याखाली आला, तर आधी घेतलेल्या वजावटीचा काही भाग परत उत्पन्नात धरावा लागतो.

गाडीचंही तसंच. २०२५ साठी धंद्याच्या प्रवासाला मैलामागे ७० सेंट वजा करता येतात. ६०० मैलांवरच्या स्पर्धेला जाऊन येणं म्हणजे ८४० डॉलर. पण मैलांची वही नसेल तर कोर्टालाही अंदाजे रक्कम मान्य करता येत नाही, कारण प्रवास आणि गाडी यांच्या पुराव्याचे नियम इतर खर्चांपेक्षा कडक आहेत. बायको-मुलं सोबत आली तर त्यांचा खर्च बाहेर. जेवणाचे निम्मेच पैसे. आणि ग्राहकाला खूश करायला त्याला मासेमारीला घेऊन गेलात, तर तो करमणुकीचा खर्च, तो २०१८ पासून पूर्ण बंद.

पर्यटकांना बोटीवर नेऊन मासे पकडायला शिकवणारे गाइड मात्र बरेच सुरक्षित असतात. त्यांना समुद्रात किंवा मोठ्या जलमार्गांवर पैसे घेऊन माणसं न्यायला तटरक्षक दलाचा कॅप्टनचा परवाना लागतो, दर ठरलेले असतात, गिऱ्हाईक पैसे मोजतं. पण डॉक्टरने किंवा वकिलाने मोठी बोट घेऊन वर्षात चार वेळा भाड्याने दिली आणि चाळीस वेळा स्वतः फिरवली, तर परवाना असूनही भाडं हे निमित्त ठरतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी मेख

एच-१बी व्हिसावर असलेल्याला प्रायोजक कंपनीबाहेर काम करण्याची परवानगी नसते. अशा माणसाने टॅक्स वाचवायला 'शेड्यूल सी' भरून "मी मासेमारीचा धंदा करतो, आठवड्याला वीस तास देतो" असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्याने टॅक्स खात्याला जे पटवलं तेच इमिग्रेशनला दाखवायचा पुरावा तयार केला. एका खात्यात धंदा सिद्ध करण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या खात्यात अंगाशी येऊ शकते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना हा प्रश्न नाही. व्हिसावाल्यांनी मात्र रिटर्न भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोललेलं बरं.

भारतात हा खेळ असा रंगत नाही. पवई तलावावर गळ टाकून बसणारे हौशी लोक पिढ्यानपिढ्या आहेत, लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीर माशाचं संवर्धन होतं, म्हणजे हौस आपल्याकडेही आहे. पण आपल्या आयकर कायद्यात धंद्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करताच येत नाही. तो घरभाडं किंवा व्याज अशा इतर उत्पन्नातून वळता करता येतो, उरला तर आठ वर्षं पुढे नेऊन धंद्याच्या नफ्यातून कापता येतो. अमेरिकेतल्या त्या युक्तीचा प्राणच पगारातून तोटा कापण्यात आहे, म्हणून इन्स्टाग्रामवरचा तो सल्ला पुण्यात बसून ऐकणाऱ्याच्या कामाचा नाही.

नोटीस आलीच तर

अमेरिकेत नवा धंदा सुरू करणाऱ्याला एक फॉर्म मिळतो, क्रमांक ५२१३. तो भरला की पहिली पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत छंद की धंदा हा निर्णय पुढे ढकलता येतो. ऐकायला सोय, पण तो भरणं म्हणजे आपणहून आयआरएसला "माझ्याकडे लक्ष ठेवा" असं कळवणं, शिवाय त्या वर्षांची चौकशी करायची मुदतही वाढते. त्यामुळे बरेच टॅक्स सल्लागार त्याच्या वाटेला जात नाहीत.

आयआरएसने वजावट नाकारून अंतिम नोटीस पाठवली, तर ९० दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं. तिथे आधी पैसे भरावे लागत नाहीत. वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंतची रक्कम वादात असेल तर सोपी, कमी खर्चाची सुनावणी मागता येते आणि अनेक जण वकिलाशिवायच उभे राहतात. मात्र त्या सुनावणीच्या निकालावर अपील नाही. ९० दिवस संपले तर हा रस्ता जवळपास बंदच होतो. मग आधी पूर्ण टॅक्स भरायचा आणि नंतर परताव्यासाठी भांडायचं, एवढंच उरतं. म्हणून पाकीट आलं की ते उघडायचं आणि वरची तारीख लिहून ठेवायची, मग हंगाम कितीही भरात असो.